हॅकर, हौद आणि निळंशार पाणी!

पिण्याच्या पाण्यात कुणी गुपचूप क्लोरीन वाढवलं, तर डोळ्यांना दिसेल? अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये त्याची सोय होती, तीही झक्क निळ्या रंगात! २०१७ मध्ये तिथल्या संशोधकांनी जलशुद्धीकरण केंद्राची छोटी प्रतिकृती उभारली आणि स्वतःच बनवलेलं रॅन्समवेअर तिच्यावर सोडलं. क्लोरीनच्या जागी आयोडिन, पाण्यात स्टार्च. डोस वाढला की पाणी निळंशार! खंडणीखोराच्या हाती पाण्याचा प्लांट गेला तर काय होईल, याचा हा लाइव्ह डेमो.

अशा प्लांटमध्ये पंपांना आणि वॉल्व्हना हुकूम सोडतो तो पीएलसी. ‘पीएलसी-स्काडा’चा कोर्स केलेला एखादा भाचा-पुतण्या तुमच्याकडेही असेल, त्याला विचारा. पण माहीत आहे का, सुरुवातीच्या एका गाजलेल्या पीएलसीचं नाव ‘मोडिकॉन ०८४’ का होतं? कारण तो बेडफर्ड असोसिएट्स कंपनीचा ८४ वा प्रोजेक्ट होता. बस्स, इतकंच!

या यंत्रांच्या गप्पा ज्या मॉडबस प्रोटोकॉलवर चालतात, तो १९७९ चा. त्यात पासवर्डची भानगडच नव्हती. हुकूम आला की तामील! आणि मॉडबस आजही जोरात ड्युटीवर आहे.

आता चला सिंगापूरला, कारण माझा सगळ्यात लाडका प्रयोग तिथला. सिंगापूर युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी अँड डिझाइनमध्ये ‘स्वॉट’ नावाचा जलशुद्धीकरण प्लांट आहे. खराखुरा! सहा टप्पे, मिनिटाला ५ गॅलन पाणी. आणि तो उभारलाय चक्क हल्ले करून घेण्यासाठी! संशोधकांनी तो सलग ११ दिवस चालवला. ७ दिवस शांतता, ४ दिवस धुमश्चक्री, एकूण ३६ हल्ले. त्याचा डेटा आज जगभरचे अभ्यासक वापरतात.

यातला एक हल्ला तर भन्नाट! टाकीतलं पाणी कमी होतंय, पण सेन्सरचा आकडा सेकंदाला फक्त १ मिलिमीटरने वाढतोय. इतक्या हळू, की स्क्रीनवर बसलेल्याला शंकाही येऊ नये. टाकी कोरडी पडते आणि पंप जळायची वेळ येते.

मग चोर पकडायचा कसा? शाळेतलं नळ-हौदाचं गणित आठवतंय? एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो... तेच! आत किती आलं, बाहेर किती गेलं, मग पातळी किती हवी? हिशोब जुळला नाही, की अलार्म. हॅकर एका सेन्सरला खोटं बोलायला लावेल, पण सगळ्या पाइपांचा हिशोब जुळवताना त्याचीच दमछाक होते. चौथीत रडवणाऱ्या त्या गणिताला माझा आज कडक सॅल्यूट!

‘आमचा कम्प्युटर इंटरनेटला जोडलेलाच नाही’ म्हणून निर्धास्त आहात? इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठाने त्या निर्धास्तपणाची हवाच काढून घेतली. २०१७ मध्ये त्यांनी हार्ड डिस्कच्या लुकलुकत्या एलईडीतून माहिती बाहेर काढली, सेकंदाला ४,००० बिटपर्यंत. खिडकीबाहेरच्या ड्रोनने ती टिपलीसुद्धा. इवल्याशा एलईडीने काय दिवे लावले बघा!

त्याच विद्यापीठाचा ‘बिटव्हिस्पर’ मात्र गोगलगायीच्या चालीचा. शेजारशेजारच्या दोन कम्प्युटरांनी फक्त उष्णतेतून गप्पा मारायच्या. वेग? तासाला ८ बिट. म्हणजे एका तासात इंग्रजीचं जेमतेम एक अक्षर!

ड्रोनवरून आठवलं. बेन-गुरियन, सिंगापूरचं तेच ‘स्वॉट’वालं विद्यापीठ आणि अमेरिकेतलं साउथ अलाबामा विद्यापीठ यांनी मिळून थ्रीडी प्रिंटरच्या फाइलमध्ये छुपा बदल केला. छापून आलेला ड्रोनचा पंखा दिसायला टकाटक. ड्रोन उडाला आणि दोन मिनिटांच्या आत पंखा मोडून खाली!

इटलीत पोलिटेक्निको दी मिलानोच्या मंडळींनी तर रोबोचा हातच ‘वाकडा’ केला, ट्रेंड मायक्रो कंपनीसोबत. फरक फक्त २ मिलिमीटर. पण असेंब्ली लाइनवर २ मिलिमीटर म्हणजे किती, हे चाकणच्या कुठल्याही क्वालिटी इन्स्पेक्टरला विचारा!

आपलीही टीम मैदानात आहे बरं का! आयआयटी कानपूरच्या सी३आय हबमध्ये वीज आणि पाण्यासारख्या यंत्रणांच्या सुरक्षेवर संशोधन चालतं. इंजिनिअरिंगच्या पोरापोरींनो, ऐकताय ना? या क्षेत्रात खरंच तुमची गरज आहे.

आणि हा शेवटचा फटाका. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या टीमने रस्ते विभागाची रीतसर परवानगी घेऊन जवळपास १०० सिग्नलच्या नेटवर्कमध्ये शिरकाव केला. वायरलेसला एन्क्रिप्शन नाही, पासवर्ड फॅक्टरीतून आले तेच! हवा तेव्हा हिरवा दिवा लावता येत होता. चारही दिशांना एकदम हिरवा? तो मात्र जमणार नव्हता! प्रत्येक चौकातल्या पेटीत एक वेगळं सुरक्षा-युनिट असतं. दिव्यांची अशी धोकादायक जोडी दिसली, की ते सॉफ्टवेअरचा हुकूम धुडकावून सरळ लाल दिवे लुकलुकवतं.