पृथ्वीच्या पोटात कोण गेले होते?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भूगोलाचे शिक्षक रजेवर असल्याने इयत्ता आठवीचा त्यांचा तास आमच्याकडे आला होता. फळ्यावर आम्ही एकात एक अशी वर्तुळे काढली आणि नावे लिहिली: भूकवच, प्रावरण, बाह्यगाभा, अंतर्गाभा. तेवढ्यात मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पण तिथं जाऊन कुणी पाहिलं?" वर्ग हसला. आम्हांला मात्र हसता आले नाही. 'पुरावा काय?' हा तर इतिहासाचाही पहिलाच प्रश्न. त्या दिवशी घंटा झाली आणि उत्तर अपुरे राहिले. ती विद्यार्थिनी आता माजी विद्यार्थिनी आहे. ही स्मरणिका तिच्याही हाती पडेल, म्हणून ते उत्तर येथे पूर्ण करीत आहोत.

तिथे कोणीही गेलेले नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून केंद्रापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. रशियाच्या कोला द्वीपकल्पावर १९७० साली सुरू झालेले वेधनछिद्र १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर खोल गेले. तेथे तापमान १८० अंश सेल्सिअसवर पोहोचल्यामुळे पुढे खोदणे अशक्य झाले. एवढी खोली गाठूनही केंद्राच्या वाटेचा पाचशेवा हिस्सासुद्धा पार झाला नव्हता.

मग कळले कसे? बाजारात आपण कलिंगड चिरून पाहत नाही. हातात घेऊन वजन अजमावतो, बोटाने वाजवून आवाज ऐकतो. वैज्ञानिकांनी पृथ्वीच्या बाबतीत याच दोन वाटा धरल्या.

पहिली वाट वजनाची. १७९८ साली इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी शिशाच्या गोळ्यांमधील अतिशय सूक्ष्म आकर्षण मोजले आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढली. ती पाण्याच्या जवळजवळ साडेपाच पट भरली. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण मात्र पाण्याच्या तिप्पटीच्या आसपासच जड असतो. वरचा दगड इतका हलका आणि सबंध पृथ्वी इतकी जड, याचा अर्थ आत खोलवर दगडाहून खूप जड असे काही असले पाहिजे.

दुसरी वाट आवाजाची, म्हणजे भूकंपलहरींची. या वाटेचा आरंभ आपल्या देशाशी जोडलेला आहे. १२ जून १८९७ रोजी आसाम प्रचंड भूकंपाने हादरला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा कसून अभ्यास केला. दूर युरोपातील यंत्रांवर उमटलेल्या नोंदींत त्यांना वेगवेगळ्या जातींच्या लहरी ओळखता आल्या. प्राथमिक लहरी वेगवान असतात आणि घन व द्रव दोन्हींतून जातात. दुय्यम लहरी मागाहून येतात आणि द्रवातून जाऊच शकत नाहीत. अशाच नोंदींच्या आधारे १९०६ साली ओल्डहॅम यांनी पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवून दिले. पुढे बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर असल्याचे निश्चित केले. त्या सीमेपलीकडे दुय्यम लहरी जात नाहीत. म्हणून सगळा गाभा द्रवरूप आहे, असे मानले जाऊ लागले.

परंतु एक नोंद या चित्रात बसत नव्हती. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते, कारण पाण्यात शिरताना-निघताना प्रकाश वळतो. गाभ्यात शिरताना लहरीही तशाच वळतात, आणि त्यामुळे भूकंपस्थानापासून ठराविक अंतरावरील एका पट्ट्यात त्या पोहोचू नयेत, अशी अपेक्षा होती. या पट्ट्याला छायाप्रदेश म्हणतात. तरीही १९२९ च्या न्यूझीलंडमधील भूकंपानंतर छायाप्रदेशातल्या यंत्रांवर क्षीण लहरी उमटलेल्या होत्या.

डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी या क्षीण लहरींचा पिच्छा सोडला नाही. तेव्हा संगणक नव्हते. भूकंपांच्या नोंदी त्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर टिपून ठेवीत आणि ती कार्डे ओटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवीत. अखेर १९३६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की, गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गोल आहे. त्यावरून वळलेल्या लहरीच छायाप्रदेशात पोहोचतात. हाच अंतर्गाभा. तो घन असल्याचे १९७१ साली, मोठ्या भूकंपानंतर घंटेसारख्या कंप पावणाऱ्या सबंध पृथ्वीच्या अभ्यासातून, पक्के झाले.

आज आपण जाणतो की, केंद्राशी मुख्यतः लोखंडाचा, थोड्या निकेलचा, सुमारे १,२२० किलोमीटर त्रिज्येचा घन गोळा आहे. तेथे ५,००० अंशांहून अधिक उष्णता आहे. तरीही लोखंड वितळत नाही, कारण हवेच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट दाब त्याला घट्ट आवळून धरतो. त्याभोवतीच्या बाह्यगाभ्यातील द्रव लोखंड सतत फिरत असते. त्यातून पृथ्वीचे चुंबकत्व निर्माण होते. होकायंत्राची सुई त्यामुळेच उत्तर दाखवते, आणि सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांपासून आपले रक्षण होते ते याच चुंबकत्वामुळे.

लेहमान यांच्या चरित्रातील एक गोष्ट वसतिगृहाच्या या स्मरणिकेत सांगितलीच पाहिजे. १८८८ साली जन्मलेल्या या मुलीला हॅना अ‍ॅडलर यांच्या शाळेत घातले होते. प्रसिद्ध वैज्ञानिक नील्स बोर यांच्या या मावशी. त्यांच्या शाळेत मुलामुलींना एकच अभ्यास आणि एकच खेळ असे. मुलगेही शिवणकाम शिकत. मुलीची बुद्धी कमी असते, हा समज त्या शाळेच्या उंबऱ्याबाहेरच राहिला होता. बाहेरचे जग तसे नाही, हे लेहमान यांना पुढे नोकरी-व्यवसायात पदोपदी कळले. पण तोवर आपल्या बुद्धीवरचा त्यांचा विश्वास पक्का झालेला होता. त्या १०४ वर्षे जगल्या.

म्हणून, मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे: तिथे जाऊन कुणी पाहिले नाही. तुझ्यासारख्याच शंका विचारणाऱ्या एका मुलीने, इतरांनी दुर्लक्षिलेला पुरावा पुन्हा पुन्हा वाचला. त्या दिवशी वर्ग हसला, तेव्हा आम्ही त्याला थांबवायला हवे होते. ते राहून गेले, याची खंत आम्हांला आजही आहे.