मिठाच्या पैशातून फुललेली बाग

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात असलेले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे तीर्थ होय. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि नगाऱ्याच्या आकाराची ती वास्तू पाहण्यास आता दूरदूरची माणसे येतात. बंजाऱ्यांचे दुसरे नाव ‘लमाण’. ते ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दावरून आले, असे अनेक अभ्यासक मानतात. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडला. दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे या वाहतूकदारांचे चार वर्ग होते, प्रत्येकाचा माल ठरलेला असे, आणि त्यांतील एक वर्ग केवळ मीठ वाही. किनाऱ्यावरील मीठ वऱ्हाडातील पेठांपर्यंत पोहोचे ते या बैलांच्या पाठीवरून.

मीठ वाहणाऱ्यांच्या वाट्याला वाट आली. मीठ विकण्याचा परवाना ज्यांच्या हाती होता, त्यांचे वैभव कसे होते हे पाहायचे असेल तर चीनमधील यांगचौ शहरात जावे लागते. ग्वांगचौच्या व्यापारी जत्रेला किंवा ईवूच्या बाजाराला आपल्यातील अनेक कुटुंबांचे जाणे-येणे असते. त्यांनी दोन दिवस राखून ठेवावेत असे हे गाव आहे.

यांगचौ हे महाकालवा आणि यांगत्से नदी यांच्या संगमाजवळचे शहर. किनाऱ्यावरील मिठागरांतले मीठ येथून नावांनी आतल्या प्रांतांत जाई. मीठ ही सरकारची मक्तेदारी होती. ठरावीक व्यापारी घराण्यांना १६१७ पासून वंशपरंपरेने तिचे परवाने मिळू लागले. कोणी कोणत्या मुलुखात किती मीठ विकावे हेही ठरलेले असे. स्पर्धा नाही, गिऱ्हाईक कायमचे आणि माल असा की त्यावाचून कोणाचेच चालत नाही! अशा धंद्यात पैसा न साठता तरच नवल. मात्र युद्ध झाले, पूर आला, की दरबार याच व्यापाऱ्यांकडे ‘देणगी’ मागे, आणि तिला नकार देण्याची सोय नसे. १७५१ ते १७८४ या काळात सम्राट छियानलोंग सहा वेळा दक्षिणेच्या दौऱ्यावर आला. त्याच्या वाटेवर व्यापाऱ्यांनी एकाहून एक सरस बागा उभ्या केल्या. त्यांत हौस किती आणि परवाना टिकवण्याची धडपड किती, हे प्रत्येकाची खतावणीच जाणे.

याच परंपरेतील ‘ग-युआन’ ही खासगी बाग ह्वांग झियुन या मीठ-व्यापाऱ्यांच्या मुखियाने १८१८ मध्ये बांधली. नाव अगदी साधे आहे. ‘ग’ हे चिनी अक्षर म्हणजे वर जुळलेल्या दोन तिरप्या रेघा आणि मधून उतरणारी एक उभी रेघ. बांबूची पाने नेमकी तशीच दिसतात. बांबू सरळ वाढतो, मुळे घट्ट धरतो आणि आतून पोकळ असतो. ही पोकळी चिनी विद्वानांनी नम्रतेची खूण मानली. प्रचंड संपत्तीच्या धन्याने आपल्या बागेला पोकळ वनस्पतीचे नाव द्यावे, यात थोडा दिखाऊपणा असेलही. पण निवड चांगली आहे, हे मान्य करावे लागते.

बागेचा खरा चमत्कार दगडांत आहे. येथे चार प्रकारच्या दगडांनी चार ऋतू रचले आहेत. गोल दारापाशी बांबूच्या झाडीत उंच, निमुळते दगड कोंबांसारखे उभे आहेत, तो वसंत. पुढे ताइहू सरोवरातून आणलेल्या, पाण्याने झिजून भोके पडलेल्या करड्या दगडांची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी तळे आणि पोटात गार गुहा, हा उन्हाळा. वऱ्हाडातील वैशाख सोसलेल्या माणसाला या गुहेचे मोल कोणी समजावून सांगायला नको. शरदाची टेकडी पिवळसर तांबूस दगडांची, सर्वांत उंच आणि चढायला अवघड. मावळतीचे ऊन पडले की ती पेटल्यासारखी दिसते. या दोन टेकड्यांना जोडणारी लांबलचक दुमजली इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावरून चालत गेले की उन्हाळ्यातून शरदात पोहोचता येते.

हिवाळा मात्र मुद्दाम सावलीत, दक्षिणेच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे. पांढऱ्या दगडांवर जणू न वितळलेले बर्फ साचले आहे. मागच्या भिंतीत चोवीस गोल छिद्रे आहेत. वारा सुटला की ती घुमतात आणि थंडी डोळ्यांबरोबर कानांनाही जाणवते. बाजूच्या भिंतीतील गोल खिडकीतून पलीकडचे बांबू, म्हणजे पुन्हा वसंत, दिसतो.

ह्वांग १८३८ मध्ये वारला. पण त्याच्या हयातीतच पायाखालची जमीन सरकू लागली होती. १८३२ मध्ये ताओ शू या सुभेदाराने हुआई नदीच्या उत्तरेकडील मिठाचे वंशपरंपरागत हक्क मोडले. जो कर भरेल त्याने चिठ्ठी घ्यावी आणि मीठ न्यावे, असा नियम केला. १८५० मध्ये तोच नियम दक्षिणेतही आला आणि जुनी घराणी बुडाली. ग-युआन परक्या मालकांच्या हाती गेली. इकडे १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाडच्या वाटेवरचे बैलांचे तांडे निरुपयोगी ठरत गेले. १८७१ च्या कायद्याने तर पुढे काही प्रांतांत बंजाऱ्यांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. व्यापाऱ्याचे परवाने गेले तरी त्याची बाग उरली. तांड्यामागे दगडाची एकही भिंत नव्हती. होती ती गाणी, भरतकाम आणि पोहरादेवीची वाट.

आपल्याकडे कारंज्याच्या कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका घरोघर सांगतात. उंटांवरून आलेली सारी कस्तुरी सावकाराने विकत घेतली आणि बांधकामाच्या चुन्यात कालवली, असे म्हणतात. ती ऐकून मोठा झालेला माणूस यांगचौमध्ये फार दिपून जाणार नाही. आपल्याजवळ किती असावे याची मर्यादा आधी बांधून घ्यावी, हे परिग्रह-परिमाणाचे व्रत ठाऊक असलेल्या घरांना तर या बागेकडे पाहण्याची निराळी नजर आहे.

आज ग-युआन सरकारी मालकीची आहे आणि तिकीट काढून कोणालाही आत जाता येते. २०१४ मध्ये महाकालव्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्या स्थळांत हिचाही समावेश आहे. बहुतेक प्रवासी उत्तरेच्या दारातून शिरतात, त्यामुळे ऋतूंचा क्रम चुकतो. त्याऐवजी दोंगग्वान रस्त्यावरील दक्षिणेच्या दाराने जावे. आधी ह्वांग कुटुंबाची घरे लागतात. अरुंद बोळ, उंच भिंती, एकामागून एक चौक, आणि ते संपल्यावर बांबूंच्या मधोमध ते गोल दार. सकाळी लवकर गेल्यास गर्दीही कमी असते. शरदाची टेकडी तेवढी संध्याकाळी पुन्हा पाहावी.