रेकॉर्डिंगला आधी जागा, मग माईक

आपल्या भागात सप्त्यात आणि सणावारात उत्तम गाणारी माणसं गातात. त्यांचं गाणं मोबाईलमध्ये भरून ठेवतो. पण नंतर ऐकलं की आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. असं का होतं?

आपण नुसता गळा ऐकत नसतो, जागाही ऐकत असतो. २२ अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला ३४४ मीटर जातो. भिंत साधारण १७ मीटर किंवा त्याहून लांब असेल तर परत आलेला आवाज वेगळा ऐकू येतो, तो प्रतिध्वनी. भिंती जवळ असतील तर आवाज पुन्हा पुन्हा आदळून मूळ आवाजात मिसळतो आणि रेंगाळतो, तो निनाद.

निनाद थोडा असेल तर गोड लागतो. तानपुरा भरून येतो, मींड लांबते. पण जास्त झाला तर घोटाळा होतो. हिशोब करून बघा: द्रुत तानेत सेकंदाला आठ स्वर आहेत आणि खोलीत आवाज तीन सेकंद रेंगाळतो, तर चोवीस स्वर एकमेकांत मिसळणार. म्हणूनच विजापूरचा गोलघुमट बघायला अद्भुत आहे, तिथं साधी टाळीही अनेकदा परत येते. पण ताना भरायला ती जागा नव्हे.

१९०२ साली फ्रेड गायसबर्ग यांनी कोलकात्याला हॉटेलातच तात्पुरता स्टुडिओ थाटून गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा विजेचा माईक नव्हता. कर्ण्यात तोंड घालूनच गावं लागे. जागेचा गोडवा त्यात उतरणं अवघडच. पुढं माईक आले आणि जागा निवडण्याला अर्थ आला. १९९२ मध्ये विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची जुगलबंदी अमेरिकेतल्या सांता बार्बरा इथल्या चर्चच्या प्रार्थनागृहात ध्वनिमुद्रित झाली. तिला पुढं ग्रॅमी मिळालं.

मग आपण काय करायचं?

१) टाळी वाजवा. रिकाम्या जागेत एकच टाळी. लगेच विरली तर जागा कोरडी, झणझणली तर भिंती उघड्या समोरासमोर आहेत, अलगद विरली तर जागा चांगली. पत्र्याचं शेड शक्यतो टाळा. जुन्या दगडी मंदिराचा लहान सभामंडप बघून ठेवा; खांब आणि कोरीव कामावर आवाज विखुरतो.

२) वर्गखोलीच असेल तर खाली सतरंजी अंथरा, एका भिंतीवर दोन-तीन गोधड्या टांगा. आपली गोधडी आवाज छान शोषते.

३) वेळ निवडा. पंखे बंद, मोबाईल विमान मोडवर. इकडं तेलगावात गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, त्यामुळं रस्त्यापासून आतली जागा धरा.

४) मोबाईल हातात धरू नका. स्टँडवर, गायकाच्या तोंडापासून दीड मीटरवर, त्यांच्याच बाजूला ठेवा. तबला जोरकस असतो, तो आपोआप येतो. जवळ नेला की गळा स्पष्ट येतो, लांब नेला की जागा जास्त येते. ऐकून जागा पक्की करा.

५) आधी तार सप्तकातला सूर गाऊन घ्या आणि पातळी त्यावर बसवा. आवाज फाटला तर नंतर दुरुस्त होत नाही. जमल्यास वेव्ह फाईल ठेवा, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत मूळ म्हणून जपू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: गायकाची परवानगी घ्या. सुरुवातीलाच नाव, राग किंवा अभंग, ताल, गाव, तारीख बोलून ठेवा. आपल्या गावात सत्तरी ओलांडलेले भजनी असतील, त्यांच्या चाली कुठं लिहिलेल्या नाहीत. वही हरवली तर दुसरी मिळते, चाल गेली की गेली. तेव्हा येत्या एकादशीच्या आधी एकदा तरी मंदिरात जाऊन टाळी वाजवून बघा.