चुंबकाचा गारवा

वैशाखात नांदेडचा पारा ४२ अंशांपुढे गेला म्हणजे घरातील फ्रीज अहोरात्र घुरघुरत असतो. त्याच्या नळ्यांतील वायू गळून हवेत मिसळला, तर त्यांपैकी कित्येक कर्बाम्लवायूच्या शेकडो पटींनी उष्णता धरून ठेवतात. म्हणजे घर गार ठेवताना आपण गाव तापवीत असतो. ज्या लातुरास २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या मुलखात हा हिशेब उपेक्षणीय नव्हे. म्हणून अशा वायूवाचून गारवा देणाऱ्या एका धातूची हकीगत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

गॅडोलिनियम हे त्याचे नाव. सुमारे २० अंशांखाली तो लोखंडाप्रमाणे चुंबकास धावून भेटतो. त्याहून तापला असता ती ओढ झपाट्याने ओसरते. अर्थात पौषातील पहाटे तो चुंबकाचा सोयरा, आणि वैशाखात बराचसा विरक्त! सुई चुंबकाकडे का जाते, याचे कारण कणादांनी ‘अदृष्ट’ सांगितले. हा तुकडा त्यांच्या हाती पडता तर काय म्हणते, असे आमच्या मनात येते.

आता गारवा कसा उपजतो ते पाहू. वर्गात दंगा चालला असता मुख्याध्यापक आत आले, की मुले ताठ बसतात. परंतु त्यांची चुळबूळ बाकांत उतरते आणि बाके करकरू लागतात. तद्वत् चुंबकीय क्षेत्रात धातूचे अणुचुंबक एका दिशेस वळतात, त्यांची अव्यवस्था अणूंच्या कंपनात उतरते आणि धातू तापतो. ती उष्णता पाण्याने वाहून नेली आणि मग क्षेत्र काढून घेतले, म्हणजे अणुचुंबक पुन्हा विस्कटतात. त्यासाठी लागणारी उष्णता ते धातूच्याच अंगातून घेतात आणि धातू गार पडतो. वाइस व पिकार (पुढे फुग्यातून आकाशात गेलेले तेच हे पिकार) यांनी १९१७ साली निकेलमध्ये हा गुण पाहिला. जिओक यांनी १९३३ साली गॅडोलिनियमच्या क्षारावर याच युक्तीने केवलशून्यापासून पाव अंशाच्या आसपास मजल मारली. १९४९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

स्वयंपाकघरात मात्र अडचणी पुष्कळ. एका टेस्लाच्या क्षेत्रात फरक पडतो तो जेमतेम अडीच-तीन अंशांचा, आणि तोही २० अंशांच्या आगेमागे. यास्तव लँथेनम, लोह व सिलिकॉन यांची निरनिराळ्या तापमानांस जुळणारी मिश्रणे करून त्यांचे थर लावतात. क्षेत्र देणारा निओडिमियमचा चुंबकही चूर्ण दाबून, न वितळविता भट्टीत भाजून एकजीव केलेला असतो. कुंभाराच्या आव्याचीच ही रीत. औरंगाबादेस १९५८ साली निघालेल्या मराठवाडा विद्यापीठात फेराइट नावाचे चुंबकीय पदार्थ अशाच भाजणीने करून अभ्यासिले गेले आहेत.

मोठी अडचण मालाची. एप्रिल २०२५ मध्ये चीनने गॅडोलिनियमसह सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. आपल्या केरळ-ओडिशाच्या किनारी वाळूत मोनाझाइट आहे, पण त्यात हलक्या धातूंचाच भरणा, गॅडोलिनियम थोडे.

तोवर आमच्या घरी माठ आहे. त्याखालची वाळू रोज सकाळी ओली करावी लागते.