अक्षरमाला आणि तिची जागा

सी या संगणकभाषेत अक्षरमालेला स्वतःची लांबी ठाऊक नसते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ही भाषा घडविली, तेव्हा संगणकाची स्मृती अतिशय तुटपुंजी होती. म्हणून लांबीची वेगळी नोंद ठेवण्याऐवजी अक्षरमालेच्या शेवटी शून्याचा एक बाइट ठेवावयाचा, अशी रीत पडली. शून्य दिसले की मजकूर संपला. ‘स्ट्रकॉपी’ हे फंक्शन एका ठिकाणची अक्षरे उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवीत जाते आणि शून्य भेटताच थांबते. त्याला दोन पत्ते मिळतात : कोठून आणि कोठे. जेथे ठेवावयाचे तेथे जागा किती आहे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. जागा संपली तरी ते लिहीतच राहते आणि शेजारची माहिती पुसली जाते.

शहराचे नाव ठेवण्यासाठी एखाद्या आज्ञावलीत दहा बाइट राखून ठेवले आहेत, असे समजा. दिल्लीचे नाव रोमन लिपीत लिहिल्यास पाच अक्षरे आणि एक शून्य मिळून सहा बाइट पुरतात. तेच नाव देवनागरीत, आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ संकेतपद्धतीने लिहिले, तर काना-मात्रा, वेलांटी आणि हलन्ताचे चिन्ह यांचीही स्वतंत्र गणना होऊन सहा चिन्हे होतात. प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे अठरा आणि शून्याचा एक, असे एकोणीस बाइट झाले. नऊ बाइट शेजाऱ्याच्या घरात शिरले!

या शिरकावाचा दुष्परिणाम केवळ माहिती बिघडण्यापुरता असता, तर त्याची एवढी चर्चा झाली नसती. परंतु एखादे फंक्शन संपल्यावर कोठे परतावयाचे, तो पत्ताही पुष्कळदा त्याच परिसरात लिहिलेला असतो. बाहेरून आलेल्या मजकुराने तो पत्ता बदलता आला, तर संगणक परक्याच्या आज्ञा पाळू लागतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला ‘किडा’ इंटरनेटवर पसरला, त्याच्या अनेक वाटांपैकी एक हीच होती. ‘फिंगर’ सेवेची आज्ञावली ‘गेट्स’ या फंक्शनच्या साहाय्याने ५१२ बाइटांच्या जागेत ओळ वाचून घेत असे. किड्याने तिला ५३६ बाइट पाठविले. ‘गेट्स’ला तर मर्यादा घालण्याची सोयच नव्हती. २०११च्या सी प्रमाणकातून ते काढून टाकण्यात आले, ते उशिराच म्हणावयाचे.

‘स्ट्रकॉपी’ काढून टाकणे शक्य नव्हते. असंख्य आज्ञावली त्यावर उभ्या होत्या. मग जागेची माहिती कोणाला असते? ती असते कंपायलरला, म्हणजे लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या साधनाला. दहा बाइटांची घोषणा त्यानेच वाचलेली असते. रेड हॅट या कंपनीचे याकुब येलिनेक यांनी २००४ मध्ये या माहितीचा उपयोग करून घेणारी योजना मांडली. जीसीसी कंपायलर आणि जीलिबसी हे फंक्शनांचे ग्रंथालय यांत ती ‘फॉर्टिफाय सोर्स’ या नावाने रुजली.

हिचे काम असे चालते. जागा आणि मजकूर दोन्हींचे माप आधीच कळत असेल आणि मजकूर मावत असेल, तर साधेच फंक्शन वापरले जाते. चालताना काडीचाही भार पडत नाही. मावत नसेल, तर आज्ञावली चालण्यापूर्वीच कंपायलर इशारा देतो. दिल्लीचे वरील उदाहरण याच जातीचे आहे. जागा ठाऊक, पण मजकूर पुढे वापरणाऱ्याकडून येणार असेल, तर साध्या फंक्शनऐवजी तपासणी करणारे जुळे फंक्शन बसविले जाते. त्याला जागेचे माप तिसरी बाब म्हणून दिलेले असते. मर्यादा ओलांडली जाणार असे दिसताच ते आज्ञावली बंद पाडते. आज्ञावली बंद पडणे हेही नुकसानच, पण परक्याच्या ताब्यात जाण्यापेक्षा ते परवडते. जागाच ठाऊक नसेल, तर मात्र तपासणी होत नाही.

ही शेवटची स्थिती विरळ नाही. एका फंक्शनाने दुसऱ्याला नुसता पत्ता दिला की त्यामागचे माप बहुधा हरवते. पत्त्याचा माग काढण्याचे काम कंपायलर आज्ञावली सुधारून वेगवान करताना करतो. म्हणून ती सुधारणा बंद ठेवली, तर ही तपासणीही चालत नाही. योजनेच्या पहिल्या पातळीवर संपूर्ण नोंदीचे माप धरले जाते, त्यामुळे नावाच्या रकान्यातून त्याच नोंदीतील पुढच्या रकान्यात झालेली घुसखोरी सुटून जाते. दुसऱ्या पातळीवर अक्षरमालांच्या बाबतीत त्या एका रकान्याचेच माप घेतात. चालू असतानाच मागून घेतलेल्या, आधी आकडा ठाऊक नसलेल्या जागेचा प्रश्न बरीच वर्षे तसाच राहिला. २०२२ मध्ये आलेल्या जीसीसीच्या बाराव्या आवृत्तीने तिसऱ्या पातळीला आधार दिला. तीत माप हा स्थिर आकडा असण्याची अट नाही. जागा मागताना जी संख्या वापरली, तीच जपून पुढे तपासणीला पुरविली जाते.