दारू सोडवायला पैसे किती लागतात आणि ते आणायचे कुठून?



१ जूनला मासेमारी बंदी लागली की संस्थेच्या कार्यालयात कर्जाचे अर्ज वाढतात. बहुतेक अर्ज जाळी, इंजिन, होडीची डागडुजी यासाठी असतात. पण दरवर्षी दोन-तीन अर्जांवर कारण असते, "घरगुती अडचण". अर्ज घेऊन बायको नाहीतर आई आलेली असते. बसवून चहा दिला की हळूच कळते, घरच्या माणसाची दारू सोडवायची आहे आणि कुठल्यातरी केंद्राने एकरकमी पैसे मागितले आहेत.

मागे एका घराने असेच संस्थेचे कर्ज घेतले, वर बांगड्या गहाण टाकल्या आणि माणसाला लांबच्या एका खाजगी केंद्रात ठेवले. दोन महिने घरच्यांना भेटू दिले नाही. परत आला तेव्हा हातात ना कागद, ना औषधांची चिठ्ठी. बंदी उठली, तो बोटीवर गेला आणि चतुर्थीच्या आत पुन्हा प्यायला लागला. बांगड्या गेल्या, आमचे हप्ते थकले. ते कर्ज आम्ही एक शब्दही न विचारता मंजूर केले होते. त्यामुळे ती चूक आमचीही आहे. पुन्हा तसे होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

पैसे नक्की कशाला लागतात?

उपचाराचे तीन टप्पे असतात. पहिला टप्पा अंगातली दारू उतरवण्याचा, साधारण आठ-दहा दिवसांचा. दुसरा समुपदेशनाचा, काही आठवड्यांचा. तिसरा त्यानंतरचा, निदान वर्षभराचा. त्यात ठरलेल्या दिवशी डॉक्टरकडे जाणे, औषधे घेणे आणि बैठकांना बसणे येते. आपली घरे सगळे पैसे पहिल्या दोन टप्प्यांत संपवतात. तिसऱ्यासाठी बसभाड्याचेही पैसे उरत नाहीत, आणि माणूस पुन्हा घसरतो तो बहुतेक तिथेच. म्हणून पहिला नियम: हातात आहे ते सगळे भरतीच्या दिवशी देऊ नका.

बोटीवर दारू तोडणे म्हणजे उपचार नव्हे

"आठ दिवसांच्या फेरीला पाठवा, तिथे मिळणार नाही, आपोआप सुटेल," असे पुष्कळ जण म्हणतात. हे जिवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केले की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत हातपाय थरथरणे, घाम, भास होणे, नसलेली माणसे दिसणे असे सुरू होऊ शकते. तोवर बोट किनाऱ्यापासून लांब गेलेली असते. तांडेलाला वाटते नाटक करतोय, आणि असा माणूस भ्रमात पाण्यात पडू शकतो. हाच त्रास इस्पितळात औषधांनी आटोक्यात येतो. त्यामुळे सोडायची ती जमिनीवर आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली.

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यासाठी सगळ्यांत सोयीचे. मजुरी तशीही बंद असते, त्यामुळे भरती झाल्याने वेगळे नुकसान होत नाही. उलट हेच दिवस रिकामे गेले की पिणे वाढते.

आधी सरकारी दार

बांबोळीला गोमेकॉजवळ सरकारी मानसोपचार संस्था आहे, आपण जिला आयपीएचबी म्हणतो. तिथे व्यसनावर उपचार होतात. नाव ऐकून लोक बिचकतात, "आमचा माणूस वेडा नाही" म्हणतात. पण दारूचे व्यसन हा आजार आहे, हे कायद्यानेही मानले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार धरलेले आहेत. त्याच कायद्याप्रमाणे दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी सेवेत हा उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे, हातात दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरीसुद्धा.

बांबोळी लांब पडत असेल तर सुरुवात आपल्या आरोग्य केंद्रात करा. केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था व्यसनमुक्ती केंद्रे चालवतात, तिथेही उपचाराचे पैसे घेत नाहीत. अशा जागांची माहिती १४४४६ या मोफत हेल्पलाइनवर मिळते. मन खचले असेल, झोप उडाली असेल तर १४४१६ वर टेलिमानसला फोन करा. तोही मोफत आहे.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकांना फी नसते. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. तिसऱ्या टप्प्यासाठी हा मोठा आधार आहे.

सगळ्यांनाच भरती व्हावे लागते असेही नाही. आपल्या गोव्यातच संगाथ या संस्थेने आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, दारूने त्रास होऊ लागलेल्या पण पूर्ण आहारी न गेलेल्या पुरुषांवर अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार वेळा बसून बोलायचे, एवढाच उपचार. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा या लोकांत दारू आटोक्यात आलेले जास्त निघाले. लवकर गेलात तर खर्च असा कमी होतो.

विमा आणि योजना

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आपल्या बहुतेकांकडे आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण मिळते. पण योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांनाच चालते. म्हणून भरतीआधी इस्पितळातल्या योजनेच्या खिडकीवर कार्ड दाखवा आणि हा उपचार बसतो का ते विचारून घ्या.

खाजगी आरोग्य विमा असेल तर पॉलिसीतली "काय मिळणार नाही" ही यादी वाचा. दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचा उपचार आणि त्याचे परिणाम, असे कलम बहुतेक पॉलिसींत असते. "परिणाम" या शब्दावर बोट ठेवून दारूने बिघडलेल्या यकृताचा दावाही नाकारला जातो.

मच्छीमारांच्या गट विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख आणि इस्पितळ खर्चाला २५ हजार आहेत. पण तो अपघात विमा आहे. व्यसनाचा उपचार त्यात येत नाही.

खाजगी केंद्रात जायचेच असेल तर

पैसे देण्याआधी हे विचारा:

१. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवा म्हणा.
२. डॉक्टर रोज येतात का? रात्री झटका आला तर कुठे नेणार?
३. औषधे, तपासण्या, जेवण धरून एकूण किती? लेखी द्या.
४. मधेच घरी आणले तर उरलेले पैसे परत मिळतात का?
५. घरच्यांना कधी भेटता येते? नंतरच्या वर्षभराचे काय?

साखळीने बांधणे कायद्याने बंद आहे. मारहाण किंवा बांधून ठेवणे दिसले तर तिथे एक रुपयाही देऊ नका.

दारू सोडवणारी "गुपचूप जेवणात घाला" अशी पावडर आणि गोळ्या विकत घेऊ नका. काही औषधांवर दारू प्यायली तर रक्तदाब एकदम कोसळतो. माणसाला सांगून, डॉक्टरच्या सल्ल्यानेच औषध द्यावे.

घरच्या मुलाला अमली पदार्थांची सवय लागली असेल तर पोलिसांच्या भीतीने गप्प बसू नका. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्य संस्थेत उपचाराला गेला आणि तो पूर्ण केला, तर त्याच्यावर खटला चालत नाही.

संस्था काय करणार

उपचारासाठीचे कर्ज यापुढे रोख देणार नाही. पावती बघून थेट इस्पितळाच्या किंवा केंद्राच्या नावे, टप्प्याटप्प्याने देऊ. तिसरा भाग पुढच्या वर्षभराच्या औषधांसाठी आणि प्रवासासाठी राखून ठेवू. अर्जदाराचे नाव समितीबाहेर जाणार नाही.

बोटमालकांना एक विनंती. रोज १५० रुपयांची दारू धरली तरी वर्षाचे ५४,७५० रुपये होतात. त्यातले पुष्कळ आपण दिलेल्या उचलीतूनच जातात. खलाशाला उचल देताना त्याच्या संमतीने घरच्यांच्या खात्यावर टाका आणि जाळे ओढून झाल्यावर बाटली वाटायची सवय बंद करा. उपचार घेऊन आलेल्याला १ ऑगस्टला त्याची जागा परत द्या. काम नसेल तर घेतलेला उपचार टिकणे कठीण.

बंदी अजून चालू आहे. अर्जावर "घरगुती अडचण" लिहायची गरज नाही. कार्यालयात या, बसून बोलू.

— सचिव, संस्थेच्या वतीने