घरात कार्यालयीन राउटर आणि स्विच

एका डब्यातली चार कामे

इंटरनेट सेवा देणारी कंपनी घरात बसवते तो ‘राउटर’ म्हणजे खरे तर चार उपकरणांचा संच असतो. राउटर दोन जाळ्यांमध्ये पॅकेटची ने-आण करतो. स्विच एकाच जाळ्यातली यंत्रे केबलने जोडतो, ॲक्सेस पॉइंट तेच काम वाय-फायवर करतो आणि बाहेरून काय आत येऊ द्यायचे ते फायरवॉल ठरवते. कार्यालयीन उपकरणांत ही कामे बहुधा स्वतंत्र यंत्रांकडे असतात. घरगुती डबा आयपी पत्ते वाटतो, बाहेरच्यांसाठी दार बंद ठेवतो, आणि हे कोणी न सांगता करतो. कार्यालयीन राउटरला मात्र बहुतेक वेळा यातली प्रत्येक गोष्ट लिहून द्यावी लागते.

पहिला संवाद

अनेक कार्यालयीन उपकरणांना सुरुवातीला आयपी पत्ताच नसतो. त्यामुळे कन्सोल पोर्टला खास केबल लावून, बहुधा 9600 बॉड या संथ गतीने, अक्षरी आज्ञा द्याव्या लागतात. सिस्को पद्धतीच्या यंत्रांत चालू मांडणी तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि सुरुवातीची मांडणी कायमच्या स्मृतीत. एकीची नक्कल दुसरीत करण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती राहून गेली, तर संध्याकाळभर सुरळीत चाललेले जाळे रात्री लाइट जाऊन आली की पुन्हा कोरे होते.

व्हीलॅन

घरात कार्यालयीन स्विच आणण्याचे सर्वांत सबळ कारण म्हणजे व्हीलॅन. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचचे तार्किक विभाजन. 802.1क्यू या मानकानुसार फ्रेमला, म्हणजे माहितीच्या तुकड्याला, 4 बाइटची खूण जोडली जाते. तिच्यातील 12 बिट क्रमांकासाठी असल्याने 4,094 विभाग शक्य होतात. घराला तीन पुरतात. समजा, 10 क्रमांकावर संगणक आणि फोन, 20 वर टीव्ही आणि कॅमेरे, 30 वर पाहुणे. ज्या पोर्टला एकच यंत्र जोडलेले असते ते ॲक्सेस पोर्ट. तेथे फ्रेमवर खूण नसते. स्विचकडून राउटरकडे जाणारी केबल मात्र ट्रंक असते आणि तिच्यावरून तिन्ही विभागांच्या फ्रेम आपापल्या खुणेसह धावतात. एका विभागातून दुसऱ्यात जायचे तर वाट राउटरमधूनच आहे. म्हणूनच तेथे नियम लावता येतो: 10 ने 20 शी संपर्क सुरू करावा, 20 ने फक्त उत्तर द्यावे. एखाद्या स्वस्त कॅमेऱ्यात कोणी घुसलेच, तरी संगणकावरच्या कागदपत्रांपर्यंतची वाट या नियमापाशी अडते.

या शिस्तीची किंमतही असते. फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवताना फोन ‘येथे कोण आहे?’ अशी हाक 224.0.0.251 या पत्त्यावर देतो. ही हाक राउटर ओलांडत नाही. त्यामुळे टीव्ही समोर भिंतीवर असूनही फोनच्या यादीत दिसत नाही. ती हाक पलीकडच्या विभागात पोहोचवणारी सोय राउटरवर वेगळी सुरू करावी लागते.

बाहेरची जोडणी

आपल्याकडे अनेक फायबर जोडण्या पीपीपीओई, म्हणजे नाव आणि पासवर्ड देऊन जोडण्याच्या, पद्धतीच्या असतात. कंपनीचे ओएनटी (फायबर घरात जिथे संपते ते यंत्र) ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचे काम न करता नुसते पुढे पाठवण्याच्या स्थितीत, घेऊन वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड नव्या राउटरला द्यायचा असतो. ही पद्धत प्रत्येक पॅकेटमधले 8 बाइट स्वतःसाठी घेते. म्हणून कमाल आकार 1500 ऐवजी 1492 उरतो. याची नोंद केली नाही, तर काही संकेतस्थळे झटकन उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात. हा दोष शोधण्यात तासन्‌तास जातात, कारण जोडणी वरवर निर्दोष दिसते. बाहेरच्या बाजूला 100.64 ते 100.127 यांनी सुरू होणारा पत्ता मिळाला, तर तो बहुधा अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. मग पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याचा, उपयोग होत नाही.

स्पॅनिंग ट्री

एकाच केबलची दोन्ही टोके चुकून एका स्विचमध्ये गेली, तर सर्वांसाठीच्या फ्रेम अखंड फिरत राहतात, कारण इथरनेट फ्रेमला आयुर्मर्यादा नसते. रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये रचलेली स्पॅनिंग ट्री ही पद्धत असे वळसे ओळखून एक वाट बंद करते. तिच्या मूळ रूपात पोर्ट सुरू होण्याआधी 30 सेकंद जातात. नवा स्विच बिघडला असे वाटते ते याच विलंबामुळे.

वीज आणि आवाज

रॅकमधल्या एका कप्प्याची उंची 44.45 मिलिमीटर असते; तेवढ्यात मावणारे छोटे पंखे फार वेगाने फिरतात. सर्व्हर खोलीत तो आवाज कोणाला जाणवत नाही, बेडरूमशेजारी झोप मोडतो. सतत 60 वॉट घेणारा जुना स्विच 30 दिवसांत 43.2 युनिट वीज खातो. इन्व्हर्टरवरचा भार वेगळाच. पंखा नसलेला आठ पोर्टचा मॅनेज्ड (मांडणी करता येणारा) स्विच बहुतेक घरांना पुरेसा ठरतो.

मर्यादा

यातले काहीही इंटरनेटचा वेग वाढवत नाही. 100 एमबीपीएसची योजना तेवढीच राहते. निर्मात्याने सुरक्षा सुधारणा थांबवलेला जुना स्विच आतल्या जाळ्यात एक वेळ चालेल, पण तसा राउटर इंटरनेटच्या तोंडाशी ठेवू नये. मांडणीची प्रत संगणकावर असावी, आणि कोणत्या पोर्टला काय जोडले आहे याचा कागद स्विचशेजारी चिकटवलेला असावा. मांडणी करणारा परगावी असताना जाळे बंद पडले, तर घरातल्या इतरांच्या हाती तो कागदच असतो.